चुन्याच्या रेघांचा दवाखाना

आमच्या घरातून मुंबईला जो गेला तो पोट भरायला गेला. आजोबांचे भाऊ गोदीत गेले, वडील परळच्या गिरणीत गेले. बघायला म्हणून, चार दिवसांचा पाहुणा म्हणून मुंबईला जाणारा आमच्या घरातला मी पहिला. तसा मी बऱ्याच बाबतींत पहिला आहे. घरात पहिला मॅट्रिक मी, वाडीत पहिला बी.ए. मी. मी हे मिरवतो असं कोणी म्हणेल तर म्हणो. मिरवण्यासारखं आहे म्हणून मिरवतो.

त्याआधीचे दिवस मात्र मिरवण्यासारखे नव्हते. आमचं गाव देवगडच्या वरच्या अंगाला, खाडीकाठी. वडील वर्षातून एकदा गणपतीला यायचे आणि आठ दिवसांत परत जायचे. आई दुसऱ्यांच्या मळ्यांत लावणी करायची, रानातून फाटी (जळाऊ लाकडं) आणून विकायची. दुपारी पेज, रात्री पेज. रात्रीची जरा पातळ, एवढाच फरक. माझ्या पाठीवर एक बहीण झाली होती, सुलोचना. दीड वर्षाची असताना ती तापाने फणफणली. आईने मला शेजारी सोपवलं, सुलीला पोटाशी धरलं आणि तालुक्याच्या दवाखान्यात चालत गेली. तीन कोसांच्या वर वाट.

तिथे काय झालं ते आईने घरी एकदाच सांगितलं. पुढच्या ओसरीवर पुरुष बसले होते, म्हणून ती वळसा घालून मागे गेली. मागेही ओसरी होती, दार होतं, पायरी होती. पायरीवर बसली. दार आता उघडेल, मग उघडेल, असं करता दुपार गेली. उन्हं कलल्यावर कोणीतरी केर टाकायला बाहेर आलं आणि म्हणालं, "अगो, हय कित्याक (इथे कशाला) बसलंस? हय कोण येना नाय." तोवर डॉक्टर घरी गेले होते. सुली परतीच्या वाटेवर गेली.

गावाने आईला बोल लावला नाही. पण 'विचारूक तरी होया व्हता' (विचारायला तरी हवं होतं) हे प्रत्येकाने एकेकदा म्हटलं. वडिलांनी म्हटलं, मामाने म्हटलं. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी सुट्टीत घरी आलो होतो. कशावरून तरी विषय निघाला आणि मीही म्हणालो, "आई, पुढे केवढी मोठी पाटी आहे. मी असतो तर वाचली असती." आई चुलीतलं लाकूड मागे ओढत होती. सुली गेल्यापासून तिने दवाखान्याची पायरी चढलेली नव्हती. दर थंडीत तिला धाप लागायची, रात्र रात्र बसून काढायची, पण दवाखान्याचं नाव काढलं की उठून बाहेर जायची.

आता प्रवासाकडे येतो.

मुंबईत लालबागला आमच्या गावच्या चाकरमान्यांचं मंडळ आहे. वडील वारल्यावर मुंबईत आमचा उरलेला माणूस भिकूमामा, म्हणजे आईचा धाकटा भाऊ. तो त्या मंडळाचा सेक्रेटरी. मंडळाने ठरवलं की गावात दवाखाना बांधायचा. गिरगावातल्या एका जाणत्या गृहस्थांनी नकाशाही काढून दिला. मामाचं पत्र आलं: 'दिवाळीच्या सुट्टीत ये. तू बी.ए. आहेस, मास्तर आहेस. नकाशा समजून घे आणि मंडळापुढे मांड. आक्काला घेऊन ये. तिने माझी खोली पाहिलेली नाही.' आई आधी नको म्हणाली, मग कोंबडी कोणाकडे ठेवायची ते विचारायला लागली. म्हणजे यायचं ठरलं.

आगबोट देवगडला धक्क्याला लागत नाही. दूर उभी राहते आणि होडीने तिच्यापर्यंत जावं लागतं. होडी लाटेवर वर आली की शिडी पकडायची, खाली गेली की थांबायचं. मी नको तेव्हा पाय टाकला आणि गुडघ्यापर्यंत भिजलो. आई माझ्या मागून लुगडं खोचून अशी चढली, जसं काही रोजचंच. वर डेकवर वळकट्या पसरून माणसं दाटीवाटीने बसली होती. आईने तांदळाची भाकरी आणि सुक्या बांगड्याची चटणी सोडली. शेजारच्या बाईने त्यावर सोलकढी वाढली. रत्नागिरी येईपर्यंत दोघी एकमेकींच्या सासवांबद्दल सगळं सांगून मोकळ्या झाल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊचा धक्का दिसला. मामा सदऱ्याची बाही वर करून हात हलवत उभा होता. आई त्याच्याजवळ गेली, त्याचा दंड दाबून पाहिला आणि म्हणाली, "भिक्या, खातंस काय मरे तू? हाडां लागतंत हाताक."

"खातंय गो आक्का. साचो (माग) सगळा वडून घेता."

भायखळ्याला आम्ही ट्राम धरली. ते दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे. लालबागपर्यंत एक भिंत कोरी नव्हती. चुन्याने, गेरूने, कोळशाने, जे हाती लागलं त्याने लिहिलेलं: मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे. नाक्यानाक्यावर पोलीस उभे होते आणि त्यांच्या पाठीमागच्या भिंतीवरही तेच. मी आईला वाचून दाखवत होतो. मामा म्हणाला, "आपला राज्य येऊ दे. कचेऱ्येत, इस्पितळात, स्टेशनार, सगळ्यो पाट्यो मराठीत. कोणाक इचारूक नको."

आई खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "माझा काय? माका मराठीय वाचूक येना नाय."

मामा हसला. मीही हसलो. तेव्हा मला तो विनोदच वाटला.

मामाची खोली म्हणजे गावची खोली. दहा बाय बाराच्या जागेत बारा माणसं राहतात, पाळ्यांप्रमाणे झोपतात. एकाची वळकटी गुंडाळली की दुसऱ्याची उलगडते. आई येणार म्हणून सगळ्यांनी आपापल्या वळकट्या गॅलरीत नेल्या होत्या. आईची झोपायची सोय शेजारच्या सारजामावशींकडे होती. मावशी आमच्याच पंचक्रोशीतल्या, विधवा, गिरणीत वाइंडिंग खात्यात कामाला. उंच, काळ्या, आणि आवाज असा की खालच्या नळावरचं भांडण त्या वरूनच मिटवतात. मोर्च्यात बायकांच्या पुढे झेंडा घेऊन चालणाऱ्या. लाठी लागलेला खांदा त्यांनी आईला पहिल्याच दिवशी दाखवला. आईने त्यावर तेल चोळून दिलं. तेव्हापासून दोघींचं जमलं.

तिसऱ्या दिवशी मी आणि आई गिरगावला गेलो, नकाशा काढणाऱ्या नानांकडे. उन्हातून चालत होतो, घसा कोरडा पडला होता. वाटेत दगडी पाणपोई दिसली. छान कोरीव काम, वर छोटा घुमट. मी पुढे झालो आणि खालच्या हौदात ओंजळ घातली. मागून एका व्हिक्टोरियावाल्याने आवाज दिला, "ओ मास्टर, वो घोडे का है! आदमी का ऊपर!" खरंच, वर माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर पितळी तोटी होती. आईने निवांत तिथून पाणी घेतलं, तोंड पुसलं आणि म्हणाली, "मान खाली घालून पिऊचा ता गुरांचा. तुका दिसला नाय?"

"कुठे लिहिलेलं नव्हतं."

"लिवूचा कशाक होया? दिसता मा."

नाना सत्तरीचे. आयुष्यभर मोठमोठ्या इमारतींचे नकाशे काढून निवृत्त झालेले. चाळीतल्या दोन खोल्या. त्यातल्या एकीत निम्म्याहून जास्त जागा उताराच्या मोठ्या टेबलाने खाल्लेली. मंडळाचं काम ते हौसेने, फुकट करत होते. त्यांनी नकाशा उलगडला. काय सुरेख रेषा! समोर रुंद ओसरी, तिला तीन कमानी, मधोमध मोठं दार. दारातून आत गेलं की डॉक्टरांची खोली, उजवीकडे औषधं देण्याची खिडकी. मागे कोठी, आणि कोठीला पाणी भरण्यापुरतं लहान दार.

"पाहिलंत मास्तर?" नाना म्हणाले. "अगदी अडाणी माणसालासुद्धा कळेल कुठून जायचं ते. दार चुकायला जागाच ठेवलेली नाही."

मी भारावून माना डोलावल्या. आई दारातच टेकून बसली होती. नानांनी तिला विचारलं, "काय वहिनी, पसंत आहे का?"

"चित्र बरा आसा," आई म्हणाली आणि पदर सारखा केला. नकाशा तिला उलटा दिसत होता की सुलटा, हे विचारायचं मला सुचलं नाही.

खानावळीत नानांनी आम्हाला जेवू घातलं. अळूचं फदफदं, आमटी, ताकाची वाटी. आई भात दुसऱ्यांदा घ्यायला लाजली, तर नानांनी वाढप्याला खूण करून परस्पर वाढायला लावला.

शनिवारी मामाला सकाळची पाळी होती. ती संपवून त्याने आम्हाला दादरला नेलं. समुद्र आईला काही नवा नव्हता. तिला आवडला तो शिवाजी पार्कभोवतीचा कट्टा. बुटकी, रुंद भिंत, मैदानाला चारी बाजूंनी वेढा घातलेली. म्हातारे बसलेले, पोरीबाळी बसलेल्या, एक बाई पोराला मांडीवर आडवं घेऊन पाजत होती. आई गेली आणि सरळ त्या बाईच्या शेजारी बसली. देवगडच्या बाजारात दुकानाच्या बाकावर बसायला दहा वेळा सांगावं लागतं हिला. मी म्हटलं, "दमलीस?"

"नाय. बसासारखा वाटला."

मी चालत चालत त्या कट्ट्याकडे पाहिलं. कुठे पाटी नाही, कुठे खूण नाही. मला पाणपोई आठवली आणि नानांचा नकाशाही आठवला. काहीतरी मनात टोचलं, पण काय ते धरता आलं नाही.

रविवार हा मंडळाच्या सभेचा. मामाचा आग्रह असा की नकाशा नुसता कागदावर दाखवायचा नाही. गिरणीत नवे साचे मांडायचे असले की आधी जमिनीवर खडूने आखून घेतात. माणूस मधून चालेल का, टोपली जाईल का, हे पायाने बघतात आणि मगच साचा आत आणतात. "कागदार सगळाच बसता," मामा म्हणाला. "पायान बघूचा." दोन चाळींच्या मधल्या मोकळ्या जागेत सकाळीच दोरी लावली. भिंती रंगवणाऱ्यांची चुन्याची बादली अर्धी उरली होती. तीच घेतली आणि मी नकाशा वाचत गेलो तशी मामाने फडक्याने रेघ ओढत नेली. तासाभरात आमचा दवाखाना जमिनीवर तयार. पुढची ओसरी, मधलं दार, डॉक्टरांची खोली, मागे कोठी. नाना धोतराचा सोगा सावरत आले आणि ते पाहून लहान पोरासारखे खूश झाले. म्हणाले, "पन्नास वर्षांत माझ्या नकाशातून मी कधी चाललो नव्हतो हो."

डॉक्टरांच्या जागी खुर्ची टाकून नानांनाच बसवलं. मंडळाचे सभासद पुढच्या ओसरीत फतकल मारून बसले. कोणी विडी काढली, कोणी खोकून दाखवलं. गॅलऱ्या माणसांनी भरल्या. मग मामाने वर बघून हाक दिली, "सारजे, ये गो! समज तुझो पोरगो तापलो आसा. दवाखान्यात इलंस. चल!"

मावशी हसत जिना उतरल्या. कोणाचं तरी तान्हं मागून घेतलं, पदराखाली धरलं आणि निघाल्या. ओसरीसमोर आल्या. बसलेल्या पुरुषांकडे पाहिलं. पाऊल जरा थांबलं. पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि रेघेच्या कडेकडेने वळसा घालून त्या थेट मागे गेल्या, कोठीच्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या.

हशा पिकला. "अगो सारजे, थय कोठी आसा! फिनेल पिऊन येतलंस काय?"

"दुसरी बोलवा," मामा म्हणाला.

दुसरी आली, तीही मागे गेली. तिसरी गेली. चौथी नवी लग्न झालेली, चार यत्ता शिकलेली. ती ओसरीच्या रेघेपर्यंत आली, एक पाय आत टाकला, काढला आणि मागे गेली. आता हसू ओसरत चाललं होतं. नाना खुर्चीतून अर्धे उठले. "अहो, पण समोर एवढं मोठं दार आहे!"

"ता पुरुषांचा," सारजामावशी मागून म्हणाल्या. "पुरुष बसलेत थय."

"सगळ्यांचं आहे ते."

"असात. घराक पुढचा दार असताच की. पाव्हणे पुरुष ओटीर बसले की आमी खयसून जातो? मागल्या दारान. पाय आपसूक जातत."

मामा चिडला. "पोलिसासमोर झेंडो नाचवतंस मगे! थय नाय भय वाटत?"

"थय मी भांडूक जातंय, भिकू. हय तापलेला पोर घेऊन इलंय. भांडूची ताकद खय ती उरली?"

तेवढ्यात मला एकदम दिसलं की आई जिना उतरून खाली आली आहे. ती चौघींच्या घोळक्याकडे बघत होती, एकीकडून दुसरीकडे, पुन्हा पहिलीकडे.

"ह्यो सगळ्यो थयच गेल्यो," ती म्हणाली. मोठ्याने नाही. स्वतःशीच.

मग ती चालत गेली. पुढच्या ओसरीवरून नाही, कडेने. मागच्या दाराच्या रेघेशी पोचली आणि तिथे खाली बसली. मांडी घालून नाही. पाय पोटाशी घेऊन, पायरीवर बसतात तशी. आमच्या गावच्या माणसांना कळलं. ओसरीत बसलेल्यांपैकी दोघांनी विड्या विझवल्या. नाना बाहेरचे, त्यांना काही ठाऊक नव्हतं. ते जवळ आले आणि म्हणाले, "काय झालं वहिनी?"

आईने त्यांना सांगितलं. पूर्ण सांगितलं नाही, चारच वाक्यं. "माझा चेडू (मुलगी) व्हता, दीड वर्साचा. तेका घेऊन मी अशीच बसलंय. दार उघडूक नाय. सगळे म्हणाले इचारूक होया व्हता." मग म्हणाली, "माका वाटला माकाच अक्कल नाय. इतकी वर्सां."

सारजामावशी तिच्या शेजारी बसल्या. तान्हं त्यांच्या मांडीत होतं.

मला माझं वाक्य आठवत होतं. पाटीचं. बी.ए. झालेल्या माणसाला लोकांसमोर रडायला लाज वाटते. मी चुन्याची बादली उचलून उगाच बाजूला ठेवली.

सगळ्यात आधी हलला तो मामा, आणि तोही विरोध करायला. खरं तर त्याचे डोळे भरले होते, म्हणूनच आवाज चढला. "म्हणान काय बायल माणसांका मागल्या दारान घेऊचा? आपण नवा राज्य मागतो आणि आपल्याच बायांका मोलकरणीसारख्या मागसून? माका पटूचा नाय. पाटी लावया. मोठी. 'सर्वांसाठी'."

मामाचं म्हणणं वाईट नव्हतं, हे मी इथे मुद्दाम लिहितो. मलाही तसंच वाटायचं. सभेत बोलायला मला बोलावलं होतं, आणि बोलायची वेळ आली होती. मी म्हणालो, "मामा, पाटी आपण वाचतो, म्हणून आपल्याला ती दिसते. मी परवा घोड्याच्या हौदात हात घातला. आईने नाही घातला, तिला पाटीशिवाय कळलं. मागचं दार कमी प्रतीचं का? कारण आपण तिथे फिनेल ठेवतो. तिथे डॉक्टर ठेवला तर?"

"म्हणजे?"

"दोन्ही दारं सारखी रुंद. दोन्हीकडे सारखी ओसरी. मधे डॉक्टरांची खोली आरपार. ज्याला जिथून वाटेल त्याने तिथून यावं. पण आलेला माणूस डॉक्टरांना दिसलाच पाहिजे. नाना, होईल का?"

नानांनी पायातली वहाण काढली आणि अनवाणी पायाने कोठीची रेघ पुसायला लागले. सत्तर वर्षांचा माणूस आपला सुरेख नकाशा पायाने पुसत होता. कोठी उचलून त्यांनी पुढच्या कोपऱ्यात टाकली. तिसरी कमान गेली. डॉक्टरांची खुर्ची स्वतः सरकवून अशी ठेवली की मान वळवली की दोन्ही दारं. मग गुडघ्यावर हात ठेवून ते आईसमोर वाकले.

"वहिनी, या दाराशी तुम्ही आलात तर आत माणूस आहे, आपल्याला घेणार आहेत, हे तुम्हाला कशावरून कळेल?"

आईने विचार केला. तिला असं कधी कोणी विचारलं नव्हतं. "दार उघडा होया," ती म्हणाली. "नि बाजूक भरलेली घागर, वर तांब्यो पालथो. घागर भरलेली असली म्हणजे घरात माणूस आसा."

"आणि बसायला?"

"बाक नको. बाकार साहेबलोक बसतत. ओटो बांधा, बुटको. मांडयेर पोर घेऊन टेकाक येयत असो."

"इतकोच होयो," सारजामावशींनी हात जमिनीपासून वर धरून उंची दाखवली आणि नानांनी खिशातून फूटपट्टी काढून ती खरोखर मोजून घेतली.

मागच्या दाराशी भरलेली घागर आणून ठेवली आणि मग पुन्हा बायकांना बोलावलं. वरच्या मजल्यावरच्या, ज्यांनी आधीचं पाहिलं नव्हतं अशा दोघी. दोघी कडेने मागे आल्या, घागर पाहिली, टेकल्या, आणि नाना खुर्चीतून म्हणाले, "या बाई, काय होतंय?" त्या नुसत्या म्हणण्यावर गॅलरीतून टाळ्या पडल्या. हात वर करून मतं घेतली. मामाचा हात सगळ्यात शेवटी वर गेला, पण गेला. नंतर तो आईजवळ येऊन बसला आणि कितीतरी वेळ तिच्या लुगड्याच्या काठाला लागलेला चुना झटकत राहिला.

"आक्का, मीय बोललेलंय तुका."

"तू एकटो खय," आई म्हणाली. "उठ, च्या कर. तुझ्या हातची चव तरी बघतंय."

परतीच्या बोटीत गर्दी कमी होती. सारजामावशींनी बांधून दिलेले खाजे आईने पोटाशी धरले होते. अलिबागचा किनारा मागे पडला तेव्हा मी म्हणालो, "आई, कॉलेजात असताना मी पाटीचं बोललो होतो."

"हां."

"चुकलं माझं."

"ल्हान व्हतंस तू."

"कॉलेजात होतो, लहान कसला?"

"कॉलेजात व्हतंस म्हणान म्हातारो झाललंस काय?" तिने एक खाजा तोडून माझ्या हातावर ठेवला. "खा. नरम पडात."

मग ती बराच वेळ पाण्याकडे बघत बसली. मी तिच्या चेहऱ्याकडे चोरून पाहत होतो. ती दुःखी दिसत नव्हती. मोठं ओझं उतरवून ठेवल्यावर माणूस खांदा चोळत नुसता बसून राहतो, तशी बसली होती. एकदाच म्हणाली, "ती चवथी, शिकलेली, तीय मागेच गेली, नाय?"

"गेली."

"हां," ती म्हणाली.

मुंबईत काय पाहिलंस, असं मला गावात पुष्कळांनी विचारलं. राणीचा बाग पाहिला का, चौपाटी पाहिली का. मी सांगतो की एक पाणपोई पाहिली, एक कट्टा पाहिला आणि चुन्याने आखलेला एक दवाखाना पाहिला. शिकलेल्या माणसाला वाटतं की लिहून ठेवलं म्हणजे सांगून झालं. मलाही तसंच वाटायचं. शाळेतल्या माझ्या पोरांना मी अक्षर शिकवतोच आहे आणि शिकवत राहीन. ते सोडायचं नाही. पण एखादी जागा बांधताना तिथे येणाऱ्या माणसाचे पाय कुठे वळतात ते आधी बघावं, दार मग काढावं.

दवाखान्याला वेळ लागला. चिऱ्यांसाठी थांबलो, डॉक्टरसाठी त्याहून जास्त थांबलो. महाराष्ट्र राज्य झालं त्या वर्षी, पावसाच्या आधी तो उघडला. त्याला दोन दारं आहेत, दोन्ही सारखी रुंद, आणि डॉक्टरांना खुर्चीतून दोन्ही दिसतात. मागच्या ओसरीवर बुटका ओटा आहे आणि घागर रोज सकाळी भरली जाते. पाटीही आहे, मराठीत, मामाच्या आग्रहाने.

त्या थंडीत आईला धाप लागली तेव्हा मी शाळेत होतो. ती उठली, एकटी दवाखान्यात गेली, छाती तपासून घेतली आणि औषधाची बाटली घेऊन घरी आली.